डोक्यातलं डोक्यातच राहिलं की...

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवड असेल तेव्हाच वाचा, पण वाचा. कारखानदार, सुपरवायझर, शिक्षक, सोसायटीचे सेक्रेटरी, सगळ्यांनीच वाचावी असं वाटतं. आणि यातला एक भाग माझ्या स्वतःच्या चुकीचा आहे. तो शेवटाकडे येईल.

गेल्या वर्षी जूनमध्ये आमच्या एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत निरोप समारंभ होता. मालक ओळखीचे, म्हणाले, "या, तेवढी चार ओळींची बातमी लावा." गेलो. माती विभागातले मामा 32 वर्षांची नोकरी करून निवृत्त होत होते. शाल, श्रीफळ, पाकीट आणि भिंतीवरचं घड्याळ. (आयुष्यभर भोंग्यावर चाललेल्या माणसाला निवृत्तीला घड्याळच का देतात, हे मला अजून कळलेलं नाही.) मालक भाषणात म्हणाले, "मामा म्हणजे आमच्या कारखान्याचा कणा." टाळ्या झाल्या. मी फोटो काढला. बातमी आतल्या पानावर आली, विषय संपला.

दिवाळीच्या आधी हेच मालक चहाच्या गाड्यावर भेटले. चेहरा उतरलेला. म्हणाले, "पत्रकार, रिजेक्शननं जीव काढलाय. पंपाची केसिंग शंभरात चार-पाच परत यायची, आता बारा-पंधरा येतात. पार्टी म्हणते सुधारा, नाहीतर पॅटर्न उचलून दुसरीकडं टाकतो."

ज्यांना ओतकाम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. लोखंडाचा रस ज्या साच्यात ओततात तो साचा मातीचा असतो. माती म्हणजे वाळू, त्यात बेंटोनाइट, कोळशाची पूड आणि पाणी. सगळी मेख पाण्यात आहे. पाणी थोडं जास्त झालं तर रस पडताच वाफ होते, वाफेला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की कास्टिंगच्या पोटात पोकळ फोड राहतात. त्याला ब्लो होल म्हणतात. पाणी कमी पडलं तर साच्याची कड सुटते आणि माती रसात मिसळते. दोन्हीकडून माल भंगारात.

"पण तुमच्याकडं लॅब आहे ना? ओलावा मोजायचं मशीन आहे ना?" मी विचारलं.

"आहे की. मशीन सकाळी बरोबर आकडा दाखवतं. फोड दुपारच्या मालात येतात."

मामांना हे माहीत होतं. सकाळी माती थंड असते. तीच माती दिवसभर फिरून वापरली जाते, दुपारपर्यंत तापते. तापलेल्या मातीतलं पाणी मिक्सरमधून साच्यापर्यंत जाईस्तोवर उडून जातं. नवीन पोरगं कोरडी माती बघून घाबरतं आणि पाणी वाढवतं, तेही अंदाजानं. मग एक घाण कोरडा, एक घाण ओला. मामा मूठभर माती दाबायचे, मूठ उघडून गोळा मधोमध मोडायचे, मोडलेली कड बघायचे आणि हातानं खूण करायचे. त्या खुणेत 32 पावसाळे, 32 उन्हाळे होते. सोमवारची माती वेगळी, पावसाळ्यातली वेगळी, मोठ्या केसिंगची वेगळी. हे कुठल्याच कागदावर नव्हतं. भिंतीवर कामाची पद्धत लॅमिनेट करून लावलेली होती, पण ती इंग्रजीत, ऑडिटवाल्यांना दाखवण्यासाठी. साच्यावर काम करणारी निम्मी पोरं ओडिशा-बिहारची, उरलेली आपली. इंग्रजी वाचणारा त्यात एकही नाही.

मालकांचं म्हणणं होतं, "मामानं कुणाला शिकवलंच नाही हो. आपलं महत्त्व कमी होईल म्हणून धरून बसले."

मला ते पटलं. कारण असली माणसं आपण सगळ्यांनी बघितलीत. पण पत्रकाराला दुसरी बाजू ऐकायची खोड असते. एका रविवारी मामांच्या गावी गेलो. म्हशीला वैरण टाकत होते. विषय काढला तर हसले.

"धरून कशापायी बसू? बत्तीस वर्सांत कुणी इचारलंच न्हाई."

मग थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, "एकदा शिकवलंतं एका पोराला. हुशार होतं. हात बसला होता त्याचा. पण कंत्राटी. सात म्हैनं झालं आन् ब्रेक दिला त्याला. ते गेलं शेजारच्या फाउंड्रीत. मग सायबानं मलाच केबिनमधी बोलवून झापलं. म्हणं, कंपनीचं ज्ञान बाहेरच्यांना का देताय? त्या दिवसापासनं आपलं तोंड बंद."

आता सांगा, दोष कुणाचा?

*

या एका वाक्यानं, "कंपनीचं ज्ञान बाहेर जाईल" या भीतीनं, मला बरंच वाचायला लावलं. त्यातली एक गोष्ट इथं सांगतोच, कारण ती आपल्या मालकाच्या भीतीला थेट उत्तर आहे.

अमेरिकेत कॅलिफोर्नियात फ्रेमाँट नावाचं गाव. तिथं जनरल मोटर्सचा गाड्यांचा कारखाना होता. बदनाम. गैरहजेरी भरपूर, भांडणं रोजची, माल वाईट. 1982 मध्ये कंपनीनं तो बंद केला. दोन वर्षांनी जपानच्या टोयोटानं जनरल मोटर्सबरोबर भागीदारी करून तोच कारखाना पुन्हा उघडला. नाव ठेवलं नुम्मी. कामगार बहुतेक तेच जुने, युनियन तीच. फरक एवढाच की कामगारांच्या तुकड्या जपानला टोयोटाच्या कारखान्यात नेऊन, तिथल्या कामगारांच्या शेजारी उभं करून काम शिकवलं. आणि लाइनवर एक दोरी दिली. चूक दिसली, जमेना झालं, की कुणीही दोरी ओढायची. दोरी ओढली की टीम लीडर धावत येणार, तो ओरडायला नाही, मदतीला. जुन्या कारखान्यात लाइन थांबवणं म्हणजे महापाप होतं. इथं चूक लपवणं पाप झालं.

थोड्याच काळात त्याच बदनाम कामगारांच्या हातून जपानच्या तोडीच्या गाड्या बाहेर पडायला लागल्या.

आता पुढचं बघा. टोयोटानं आपल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धकाला घरात घेतलं होतं. जनरल मोटर्सचे मॅनेजर तिथं राहून सगळं बघत होते, शिकत होते. दोरी कुठं बांधली, फळ्यावर काय लिहिलं, सगळं उघडं. आपल्या हिशेबानं टोयोटाचं ज्ञान चोरीला गेलं. प्रत्यक्षात काय झालं? शिकून परत गेलेल्या मॅनेजरांना आपल्याच कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यांत ते रुजवता येईना. त्याच राज्यातल्या व्हॅन नाइसच्या कारखान्यात प्रयत्न झाला, तो फसला आणि 1992 मध्ये तो कारखाना बंद पडला. दोरी बांधता आली, पण दोरी ओढणाऱ्याला शिव्या देणारा साहेब तोच राहिला. एका विभागाचं दुसऱ्याला सांगायचं नाही, ही सवय तीच राहिली. कंपनी हळूहळू शिकली, पण फार उशिरा. 2009 मध्ये जनरल मोटर्सनं दिवाळखोरीचा अर्ज केला. दिवाळखोरीला पेन्शनचा बोजा, कर्ज, मंदी अशी इतरही कारणं होती, सगळं खापर या एका गोष्टीवर फोडू नये. पण 25 वर्षं उत्तर आपल्याच घरात असून ते माजघरातून ओसरीवर आणता आलं नाही, हे खरंच.

मला यातून जे समजलं ते असं. स्पर्धक आपलं ज्ञान चोरेल ही भीती आपण उगाच मोठी करतो. तो बघून जाईल, वस्तू उचलेल, एखादा माणूसही नेईल. पण दहा माणसं एकमेकांना सांगतात, विचारतात, चूक कबूल करतात, ती रीत त्याला पिशवीत घालून नेता येत नाही. खरा प्रश्न ज्ञान गेटबाहेर जाण्याचा नाहीच. या शेडमधून त्या शेडमध्ये, पहिल्या पाळीकडून दुसऱ्या पाळीकडं ते जात नाही, हा आहे.

*

दुसरी गोष्ट झेरॉक्सची. तहसीलदार कचेरीसमोरच्या दुकानाला आपण ज्या नावानं हाक मारतो, ती मूळची अमेरिकन कंपनी. 1980 च्या दशकात ज्युलियन ऑर नावाच्या मानववंशशास्त्रज्ञानं या कंपनीच्या मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसांबरोबर राहून, फिरून अभ्यास केला. मानववंशशास्त्रज्ञ म्हटलं की आपल्याला आदिवासी पाडा आठवतो, हा मेकॅनिकच्या पाठीमागं गेला. कंपनीनं मेकॅनिकला जाडजूड पुस्तक दिलेलं: अमुक बिघाड दिसला तर अमुक कर. पण मशीन काही पुस्तक वाचून बिघडत नाही. ऑरला दिसलं की ही माणसं खरं शिकतात ती नाष्ट्याला, कॉफीला एकत्र बसल्यावर. "माझ्याकडं परवा एक मशीन आलं..." अशी सुरुवात करून एकमेकांना किस्से सांगतात, आणि त्या किश्श्यांतून दुसऱ्याच्या गिऱ्हाइकाकडचं मशीन सुरू होतं. वरून बघणाऱ्याला तो टाइमपास वाटला असता. खरं म्हणजे तीच त्यांची शाळा होती.

पुढं 1990 च्या दशकात याच कंपनीनं फ्रान्समधून सुरुवात करून एक पद्धत बसवली. नाव युरेका. मेकॅनिकनं आपली युक्ती लिहायची, जाणत्यांनी ती तपासायची, आणि मग ती सगळ्यांना बघायला ठेवायची. लिहिणाऱ्याच्या नावासकट. हे नाव फार महत्त्वाचं. आपल्या बिरादरीत आपलं नाव चार माणसांनी घ्यावं, हे पाकिटापेक्षा मोठं असतं. आपल्या मामांच्या मुठीला कुणी नाव दिलं असतं तर? "मामांची मूठ" असा फळा भिंतीवर असता तर?

आणि हे सगळं परदेशातलंच आहे असं समजू नका. आपल्या जिल्ह्यात किर्लोस्करवाडीला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये माळावर कारखाना उभा केला. तिथं 1920 मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी "किर्लोस्कर खबर" सुरू केलं. कारखान्याचं घरचं पत्र म्हणून. त्याचंच पुढं "किर्लोस्कर" मासिक झालं आणि अख्ख्या महाराष्ट्रानं वाचलं. नांगर करणाऱ्या कारखान्याला शंभर वर्षांपूर्वी वाटलं की आपल्याकडं जे चाललंय ते छापून माणसांपर्यंत गेलं पाहिजे. आज आपल्या एमआयडीसीत प्रत्येक कंपनीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर काय येतं? गुड मॉर्निंग, वाढदिवस, आणि साहेबांच्या फोटोला अंगठे. "काल दुसऱ्या पाळीत माल का गेला" हे कुणी लिहिलंय कधी?

*

आता माझी गोष्ट. मामांवर लिहायचा अधिकार मला नाही, तो का नाही ते सांगतो.

2005 चा पूर आला तेव्हा मी या धंद्यात नवा होतो. त्या वेळी एक वही केली. आपल्या पुलाच्या खांबावर पाणी किती फुटांवर असताना कुठल्या गल्लीत शिरतं. नदी अजून पात्रात असतानाच कुठल्या ओढ्याचं पाणी मागं फुगतं. कुठला रस्ता पुलाच्या आधी बुडतो. कुणाकडं होडी आहे, कुठला तलाठी रात्री फोन उचलतो. दर पावसाळ्यात भर घालत गेलो. 14 वर्षांत वही सोन्यासारखी झाली. आणि सोन्यासारखीच मी ती कुलपात ठेवली. टेबलाच्या खालच्या खणात, किल्ली माझ्या खिशात. कार्यालयात एक तरुण सहकारी होता, कामसू. त्यानं एकदा विचारलं होतं, "सर, तुम्हाला हे आधीच कसं कळतं?" मी म्हणालो होतो, "अनुभव."

खरं कारण वेगळं होतं. आमच्या धंद्यात चाळिशी जवळ आली की भीती वाटते. माझ्या पगारात दोन पोरं मिळतात. ती वही होती तोवर मी लागत होतो.

ऑगस्ट 2019. वडिलांना मिरजेला दवाखान्यात दाखल केलेलं. मी त्यांच्याजवळ. पाणी चढलं, रस्ते बंद झाले, मी तिकडंच अडकलो. सांगलीच्या आयर्विन पुलाला 45 फूट ही धोक्याची पातळी, त्या वर्षी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. इकडं कार्यालयात तो पोरगा एकटा. पहिल्या दिवशी फोनवर बोललो, जमेल तेवढं सांगितलं. दुसऱ्या दिवशी फोन लागेना. त्यानं पुलावरचा सरकारी आकडा घेतला आणि त्यावरून बातमी दिली की अमुक रस्ता वाहतुकीला सुरू आहे. आकडा बरोबर होता. पण तो रस्ता पुलाच्या आधी ओढ्यात बुडतो. हे वहीच्या सहाव्या-सातव्या पानावर लिहिलेलं होतं.

ती बातमी मोबाइलवर फिरली. एक कुटुंब ट्रॅक्टरमध्ये सामान, म्हातारी माणसं, शेरडं घालून त्याच रस्त्यानं निघालं. ओढ्यात ट्रॅक्टर बंद पडला. लोकांनी दोर टाकून माणसं काढली. जीव वाचले, शेरडं गेली. रात्र त्यांनी शाळेच्या स्लॅबवर काढली.

दुसऱ्या दैनिकाच्या तालुक्यातल्या तिघांनी आपापलं सगळं एका ठिकाणी लिहून ठेवलेलं. त्यांचा जुना वार्ताहर निवृत्त होताना त्यांना घेऊन दोन दिवस ओढ्या-नाल्यांनी हिंडला होता, हे मला नंतर कळलं. त्यांची यादी बरोबर आली. पूर ओसरल्यावर नदीकाठच्या गावांत बऱ्याच घरांनी आमचा पेपर बंद करून त्यांचा लावला. लोक बरोबर वागले. मीही तेच केलं असतं.

कार्यालयात पाणी शिरेल म्हणून त्या पोरानं टेबलाचं कुलूप तोडून कागद माळ्यावर टाकले होते. त्यात वही त्याला सापडली. मी परत आल्यावर काही बोलला नाही. पंधरा दिवसांनी चहा पिताना एवढंच म्हणाला, "सर, मी वही मागितली असती तर दिली असती का?"

मी विषय बदलला.

*

म्हणून मला मामा कळतात, आणि मालकही. माणूस ज्ञान दडवतो तो बहुतेक वेळा दुष्टपणानं नाही, भीतीनं. आणि ती भीती भाषणानं जात नाही. माझ्या अनुभवावरून चार गोष्टी सांगतो, पटल्या तर घ्या.

एक, सांगितल्यानं माझी गरज संपणार नाही, याची खात्री माणसाला हवी. पोराला शिकवलं की जुन्याला घरी बसवायचं, असं एकदा जरी झालं तरी पुढची दहा वर्षं कुणी तोंड उघडत नाही. तसंच कंत्राटी पोराला सात महिन्यांनी ब्रेक द्यायचा आणि वर "ज्ञान बाहेर गेलं" म्हणून रडायचं, हे जमणार नाही. ज्ञान बाहेर गेलं कारण तुम्ही त्याला बाहेर काढलंत.

दोन, शिकवण्याला वेळ द्या, तोही कामाच्या वेळेतला. टार्गेट तेवढंच ठेवून "जरा पोरांना पण सांगत जा" म्हणणं म्हणजे फुकटची वेठबिगारी. पाळी बदलताना दहा मिनिटं दोन्ही पाळ्या समोरासमोर उभ्या राहिल्या तरी निम्मं काम होतं.

तीन, नाव द्या. ज्याची युक्ती त्याचं नाव. साहेबानं आपल्या नावावर प्रेझेंटेशन केलं की झरा आटलाच समजा.

चार, वाईट बातमी आणणाऱ्याला झापू नका. चुकांच्या गोष्टीच खरं शिकवतात. आणि झापणाऱ्या साहेबाला त्या गोष्टी कुणी सांगत नाही, त्याला सगळं "ओके" असल्याचं कळतं, थेट पार्टीचा मेल येईपर्यंत.

सगळंच लिहून होतं असंही नाही. मामांची मूठ कागदावर उतरत नाही, ती शेजारी उभं राहूनच घ्यावी लागते. माझी वही मात्र उतरली असती. झेरॉक्स काढायला पन्नास रुपये लागले असते.

*

मालकांना मी मामांचं म्हणणं सांगितलं. ऐकून गप्प बसले. मग म्हणाले, "तो केबिनमधला साहेब म्हणजे मीच हो."

संक्रांतीच्या सुमारास ते स्वतः मामांच्या गावी गेले. आता मामा आठवड्यातून तीन दिवस येतात, दुपारच्या पाळीला, रोजगार ठरवून. सोबत तीन पोरं, एक आपलं, दोन ओडिशाची. त्यातल्या दोघांना कायम करायचं कबूल केलंय. मामांना हिंदी येत नाही, पोरांना मराठी येत नाही, पण मुठीला भाषा लागत नाही. परवा गेलो तेव्हा एक पोरगं माती दाबून, मोडून मामांपुढं धरत होतं आणि मामा मान हलवत होते: नाही, अजून नाही. रिजेक्शन थोडं खाली आलंय, अजून पहिल्यासारखं नाही. पॅटर्न राहणार की जाणार, ते मार्चअखेर कळेल. त्यावर 60 घरांच्या चुली आहेत, एवढं लक्षात असू द्या.

तो माझा तरुण सहकारी आता दुसऱ्या जिल्ह्यात मोठ्या जागेवर आहे. त्याच्या प्रश्नाचं उत्तर मी तोंडानं दिलंच नाही. गेल्या मे महिन्यात वहीच्या चार प्रती काढल्या. एक कार्यालयातल्या नव्या मुलीला, एक ग्रामपंचायतीला, एक त्या दुसऱ्या दैनिकाच्या पोरांना, आणि एक त्याला पोस्टानं. त्याचा मेसेज आला, "सर, सातव्या पानावर ओढ्याचं नाव चुकलंय."

दुरुस्त केलंय.

ता. क. : तुमच्या कारखान्यात, शाळेत, सोसायटीत, यंदा कोण निवृत्त होतंय? शाल-श्रीफळाच्या आधी सहा महिने त्यांच्याशेजारी एक पोरगं उभं करा. समारंभाची बातमी लावायला मी येईनच.